येणे कळते, खर्च कळत नाही: दवाखान्यासाठी घेतलेल्या बिलिंग व हिशेब सेवेचे परीक्षण

खासगी दवाखान्याचे बिलिंग, विम्याचे दावे आणि रोजचा जमाखर्च बाहेरच्या सेवेकडे सोपवावा की नाही, हा प्रश्न स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या बहुतेक डॉक्टरांपुढे कधी ना कधी उभा राहतोच. आमच्या दवाखान्याने अशी सेवा घेतली, तिचे गुणदोष नीट दिसतील इतका काळ वापरली आणि नुकताच तिचा करार पुढे चालू ठेवला. मला सांगायचे आहे ते या प्रकारच्या सेवेविषयी असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. माझे मत आधीच नोंदवते: बाहेर अडकलेले आपले पैसे शोधून आणण्यात ही सेवा उत्तम आहे, परंतु एक रुग्ण तपासायला दवाखान्याला किती खर्च येतो हे तिला सांगता येत नाही. प्रॅक्टिस आर्थिकदृष्ट्या सुदृढ ठेवायची तर दोन्ही माहिती लागते, आणि दुसरी माहिती डॉक्टरनेच काढावी लागते.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. रिसेप्शनवरच्या संगणकात त्यांचे सॉफ्टवेअर बसते. रुग्णाची नोंदणी, अपॉइंटमेंट आणि पावती तिथेच होते. तपासणीनंतर डॉक्टरने निदान व केलेले उपचार नोंदवले की त्यांचा बिलिंग विभाग विमा कंपनीकडे दावा पाठवतो, नाकारलेल्या दाव्यांचा पाठपुरावा करतो आणि महिनाअखेरीस त्यांचा लेखापाल नफा-तोटा पत्रक व येण्यांची यादी हातात देतो. मोबदल्याचे दोन भाग आहेत: हिशेबासाठी ठरावीक मासिक रक्कम आणि बिलिंगसाठी प्रत्यक्ष वसुलीची टक्केवारी. या टक्केवारीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

सर्वांत उपयुक्त कागद म्हणजे येण्यांची वयवार यादी. कोणाकडून किती येणे आहे एवढेच तीत नसते. ते किती जुने आहे हेही असते. ३० दिवसांपर्यंतचे, ३१ ते ६० दिवसांचे, ६१ ते ९० दिवसांचे आणि त्याहून जुने, असे चार रकाने आणि प्रत्येक ओळीला एक देणेकरी. आधीच्या वहीत केवळ एकूण थकबाकीचा आकडा असे आणि तो आकडा पाहून काय करायचे हे कळत नसे. या यादीत मात्र एका दृष्टिक्षेपात दिसले की एकूण येणे फार मोठे नव्हते, पण शेवटच्या रकान्यातला जवळजवळ सगळा पैसा एकाच विमा योजनेकडे अडकलेला होता. चौकशी केल्यावर कळले की त्या योजनेने दावा पाठवण्याचा नमुना बदलला होता आणि आमचे दावे जुन्याच नमुन्यात जात होते. येणे जसजसे जुने होते तसतशी त्याची वसुली अवघड होत जाते, कारण दावा दाखल करण्याची आणि नकारावर दाद मागण्याची मुदत संपत जाते. म्हणून ही यादी वर्षाअखेरीस नव्हे, दर महिन्याला डोळ्यांखालून जायला हवी.

यादीबरोबर एक आकडा येतो: येण्याचे सरासरी दिवस. एकूण येण्याला रोजच्या सरासरी बिलाने भागले की तो मिळतो. रोजचे बिल १०० असेल आणि बाहेर ४,५०० अडकले असतील तर उत्तर ४५ दिवस येते. याचा अर्थ असा की पैसे देणाऱ्या संस्थांना दवाखाना कायमच दीड महिन्याची बिनव्याजी उधारी देत आहे. रुग्णसंख्या वाढली की ही उधारीही त्याच प्रमाणात वाढते, तर पगार आणि औषध-साहित्याचे पैसे तत्काळ द्यावे लागतात. प्रॅक्टिस जोमाने वाढत असतानाच रोख रकमेची चणचण का भासते याचे कोडे इथे सुटते. सेवेने हा आकडा सातत्याने खाली आणला आणि त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

मात्र हा आकडा पाहताना एक काळजी घ्यावी. जुने येणे बुडीत म्हणून खात्यातून काढून टाकले तरी सरासरी दिवस कमी होतात, जरी एक पैसाही आलेला नसला तरी. त्यामुळे मी मासिक अहवालासोबत सोडून दिलेल्या रकमांची यादी कारणांसह मागते आणि माझ्या संमतीशिवाय कोणतीही रक्कम बुडीत धरायची नाही अशी अट करारात घालून घेतली आहे. ही यादी अहवालात आपणहून येत नाही, ही सेवेची उणीव आहे.

नाकारलेल्या दाव्यांचे काम पाहून मी खरोखर प्रभावित झाले. दावे वैद्यकीय मतभेदामुळे नाकारले जातात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आमचे बरेचसे नकार अगदी किरकोळ गोष्टींमुळे होते. एका दाव्यात जन्मतारखेतला दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्यात गुडघ्यात इंजेक्शन दिल्याची नोंद होती, पण गुडघा डावा की उजवा हे कुठेच लिहिलेले नव्हते. तिसऱ्यात आगाऊ मंजुरी घेतलेली होती, पण तिचा क्रमांक दाव्यावर घालायचा राहिला होता. सेवेने प्रत्येक नकाराला कारणाचा शिक्का लावला, कारणांची वर्गवारी केली आणि मग रिसेप्शनच्या पडद्यावर तशी तपासणी बसवली: विमा क्रमांक आणि जन्मतारीख जुळल्याशिवाय नोंदणी पुढे जात नाही, बाजू लिहिल्याशिवाय सांध्याच्या इंजेक्शनची नोंद पूर्ण होत नाही. नाकारलेला दावा पुन्हा पाठवणे हे काम कोणीही करील. पुढचा दावा नाकारलाच जाऊ नये यासाठी पहिल्या टेबलावरचे काम दुरुस्त करणे, याला मी खरी सेवा म्हणते.

दाव्यावर प्रत्येक आजार ज्या ठरावीक संकेतांकाने लिहावा लागतो, त्या निदानाच्या संकेतांकांचे काम तर एकट्या दवाखान्याने करण्यासारखे राहिलेलेच नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये जागतिक आरोग्य सभेने मान्य केली; अकरावी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि प्रत्येक देश आपल्या गतीने नव्या आवृत्तीकडे वळतो, काही देश स्वतःच्या सुधारित आवृत्त्या वापरतात, आणि पैसे देणाऱ्या संस्थांचे नियम त्यांवर आणखी वेगळे बसतात. हे सगळे सांभाळणारा जाणकार माणूस पूर्ण वेळ पगारावर ठेवणे लहान प्रॅक्टिसला परवडत नाही. अनेक दवाखान्यांनी मिळून अशा माणसाचा खर्च वाटून घेणे, हाच या सेवेचा आर्थिक पाया आहे आणि तो मला पटतो.

वसुलीचे प्रमाण मात्र त्यांनी ज्या पद्धतीने दाखवले ती पद्धत मला मान्य नाही. समजा बिल १०० चे झाले, विमा योजनेशी ठरलेला दर ७० आहे आणि हाती ६३ आले. एकूण बिलाशी तुलना केली तर वसुली ६३ टक्के दिसते आणि डॉक्टर खंतावतो. परंतु वरचे ३० कधी मिळणारच नव्हते. खरे प्रमाण म्हणजे ७० पैकी ६३, अर्थात ९० टक्के, आणि खरा प्रश्न उरलेल्या ७ चा. सेवेच्या मुख्य पानावर पहिले प्रमाण मोठ्या अक्षरांत होते आणि दुसरे शोधावे लागत होते. एकूण बिलाशी केलेली तुलना दुसऱ्या एका कारणानेही फसवी आहे: दरपत्रकातले आकडे वाढवले की ती आपोआप घसरते आणि कमी केले की सुधारते, वसुलीत काडीचाही फरक नसताना. मागणी केल्यावर त्यांनी पान बदलून दिले, हे नमूद करते.

रोख रकमेच्या शिस्तीबाबत या सेवेने आमचा दवाखाना अक्षरशः बदलला. लहान दवाखान्यात एकच विश्वासू व्यक्ती पैसे घेते, पावती फाडते, रोजमेळ लिहिते आणि बँकेत भरणाही तीच करते. यात त्या व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा प्रश्न नाही. चूक झाली तर ती पकडणारा दुसरा डोळाच तिथे नसतो, आणि संशय आलाच तर निर्दोष माणसालाही आपले निर्दोषत्व दाखवता येत नाही. सेवेने पैसे घेणारी व्यक्ती आणि नोंदीत फेरफार करू शकणारी व्यक्ती वेगळी केली, दिवसाच्या पावत्यांचा भरणा दुसऱ्या दिवशी बँकेच्या नोंदीशी जुळवायला सुरुवात केली आणि रद्द केलेल्या पावत्यांची स्वतंत्र यादी रोज माझ्याकडे पाठवली. त्या यादीत वेळ, रक्कम, रद्द करणाऱ्याचे नाव आणि कारण असे चार रकाने असतात. ती वाचायला फारसा वेळ लागत नाही, पण ती वाचली जाते हे सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या कर्मचाऱ्यांनीच पुढे सांगितले की त्यांना या व्यवस्थेत अधिक मोकळे वाटते.

आता टक्केवारीविषयी. वसुलीवर टक्केवारी घेणारी सेवा आपल्या बाजूने झटेल, हा युक्तिवाद वरवर बरोबर आहे आणि मोठ्या दाव्यांच्या बाबतीत तो खराही ठरतो. परंतु लहान रकमेचा नाकारलेला दावा मिळवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मोठ्यालाही लागतो, आणि लहान दाव्यावरची टक्केवारी त्या वेळेचा मोबदलाही भरून काढत नाही. साहजिकच लहान दावे मागे पडत राहतात. जनरल प्रॅक्टिसचे उत्पन्न मात्र अशाच लहान लहान रकमांचे बनलेले असते. आमच्या यादीत साध्या फेरतपासणीचे नाकारलेले दावे मुदत संपेपर्यंत तसेच पडून राहिल्याचे मला आढळले, तर मोठ्या रकमेच्या उपचार-प्रक्रियांचे दावे तत्परतेने पुन्हा गेले होते. तक्रारीनंतर नव्या करारात अशी तरतूद झाली की ठरावीक दिवसांत प्रत्येक नकारावर पहिली कार्यवाही झालीच पाहिजे, रक्कम कितीही असो. ही अट आरंभीच घालणे शक्य असते. ज्यांना करार करायचा आहे त्यांनी ती मागावी. मुख्यतः शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हा दोष कदाचित जाणवणारही नाही.

याहून मोठी मर्यादा खर्चाच्या बाजूला आहे. सेवेचे नफा-तोटा पत्रक नेटके असते, पण त्यात खर्च केवळ शीर्षकांखाली मांडलेला असतो: भाडे, पगार, साहित्य, वीज, विमा, घसारा (उपकरणे जुनी होत जातात त्याचा हिशेबात धरलेला खर्च). कोणत्या कामावर हा खर्च झाला ते त्यातून दिसत नाही. वास्तविक खासगी प्रॅक्टिसचे अर्थकारण या एका वैशिष्ट्यावर उभे असते की तिचा बहुतांश खर्च ठोक, म्हणजे रुग्ण कमी-जास्त आले तरी न बदलणारा, असतो. महिन्याला १०० जमा होतात आणि ६० खर्चात जातात असे धरा. रुग्ण १० टक्क्यांनी घटले तरी भाडे, पगार आणि उपकरणांचे हप्ते तसेच राहतात. जमा ९० वर येते, खर्च जवळपास ६० च राहतो आणि डॉक्टरच्या हाती ४० ऐवजी ३० उरतात. काम १० टक्क्यांनी घटले, उत्पन्न २५ टक्क्यांनी. नवे उपकरण घेताना किंवा आणखी एक माणूस नेमताना हे गणित समोर असायला हवे, कारण त्या निर्णयाने ठोक खर्च वाढतो आणि पुढची प्रत्येक घट अधिक जोराने लागते. सेवेच्या अहवालात याचा मागमूसही नाही.

म्हणून हा भाग मी वेगळा करून घेतला. रॉबर्ट कॅपलन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली वेळेवर आधारित खर्चमापनाची पद्धत दवाखान्याला चांगली लागू पडते, कारण तिला दोनच गोष्टी लागतात: एका मिनिटाचा खर्च आणि प्रत्येक कामाला लागणारी मिनिटे. दवाखान्याचा महिन्याचा सगळा खर्च, त्यात डॉक्टरचा स्वतःचा वाजवी पगारही धरून, ९,६०० आहे असे समजा. कागदावर महिन्याला १२,००० मिनिटे उपलब्ध आहेत. परंतु फोन, नोंदी, विश्रांती आणि रिकाम्या जागा वजा जाता त्यांपैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे ९,६०० मिनिटेच रुग्णांसाठी वापरता येतात. एका मिनिटाचा खर्च झाला १. नव्या मधुमेही रुग्णाला इतिहास, तपासणी, आहार आणि औषधे समजावून सांगायला २५ मिनिटे लागली तर खर्च २५. फेरतपासणीला १० मिनिटे लागली तर खर्च १०. दोन्हींसाठी मिळणारी फी १५ असेल तर पहिल्या भेटीत १० चा तोटा होतो आणि प्रत्येक फेरतपासणीत ५ परत मिळतात. पहिल्या भेटीचा तोटा भरून निघायला तोच रुग्ण आणखी दोनदा यावा लागतो. सगळ्यांना एकच फी असावी की पहिल्या भेटीची वेगळी, फेरतपासणीची आठवण पाठवावी की नाही, समजावून सांगण्याचा काही भाग प्रशिक्षित परिचारिकेकडे द्यावा का, हे सारे निर्णय या एका कोष्टकातून स्पष्ट होतात. रिसेप्शनिस्टने काही आठवडे रुग्णाच्या आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वेळ नोंदवली की कोष्टकाला लागणारी माहिती तयार होते. गंमत म्हणजे सेवेच्या सॉफ्टवेअरमध्ये या वेळा आधीच साठवल्या जातात. त्या खर्चाशी जोडून दाखवण्याची कल्पना मात्र त्यांना सुचलेली नाही. मी ती लेखी सुचवली आहे.

डॉक्टरचा पगार खर्चात धरण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या प्रॅक्टिसमधून जे उरेल ते घरी नेणे, ही जुनी रीत आहे आणि तिच्यामुळे प्रॅक्टिस नफ्यात आहे की आपण आपल्याच श्रमांचे मोल न घेता ती चालवत आहोत हे कधी कळतच नाही. सेवेच्या लेखापालाने येथे चांगले काम केले: माझी मासिक उचल ठरवून दिली, ती वेगळ्या खात्यात वळवली आणि त्यावर उरले तर तो नफा, असे पत्रक आखले. नफा आणि रोकड यांतला फरकही त्याने समजावून सांगितला. कर्जाच्या हप्त्यातले व्याज नफा-तोटा पत्रकात दिसते, पण मुद्दल दिसत नाही, जरी ते बँकेतून दरमहा जाते. उलट घसारा पत्रकात खर्च म्हणून दिसतो, पण त्या महिन्यात कोणाला काहीही दिलेले नसते. त्यामुळे कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट, असे महिने येऊ शकतात. काही महिन्यांच्या ठोक खर्चाइतका राखीव निधी वेगळ्या खात्यात साठवण्याचा त्याचा सल्ला मी लगेच अमलात आणला. डॉक्टर आजारी पडला तर एकट्याच्या प्रॅक्टिसची जमा त्याच दिवशी थांबते, भाडे मात्र थांबत नाही.

अपॉइंटमेंटच्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आठवण करून देणारे संदेश वेळेवर जातात आणि न येणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी झाली आहे. वेळापत्रक सुरुवातीला त्यांनी फारच घट्ट बांधून दिले होते. संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये बाह्यरुग्ण विभागातील रांगांचा अभ्यास करून दाखवले होते की सत्राच्या आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि पुढच्या वेळा सरासरी तपासणीच्या अंतराने द्याव्यात. त्याने डॉक्टर रिकामा बसत नाही आणि रुग्णांची रांगही आवाक्यात राहते. आम्ही तसे करून घेतले.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. सॉफ्टवेअरच्या मुख्य पानावर प्रतिरुग्ण उत्पन्नाचा आलेख होता, आणि दवाखान्यात एकाहून अधिक डॉक्टर असतील तर त्यांची त्यानुसार क्रमवारीही लावली जात होती. रुग्णाची तपासणी चालू असताना डॉक्टरच्या डोळ्यांसमोर हा आकडा असता कामा नये. एखादी तपासणी लिहायची की नाही, याचा विचार त्या क्षणी फक्त रुग्णाच्या आजाराच्या अंगाने व्हायला हवा. ज्या दवाखान्याची येणी वेळेवर येतात, ज्याला आपला खर्च ठाऊक आहे आणि ज्याच्याकडे राखीव निधी आहे, त्या दवाखान्यातला डॉक्टर अनावश्यक तपासणी टाळायला मोकळा असतो. आर्थिक शिस्तीचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. तो आलेख मी बंद करायला लावला. तो सुरुवातीपासूनच बंद असावा आणि ज्यांना हवा त्यांनी मुद्दाम उघडावा, अशी रचना सेवेने करायला हवी.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग विमा कंपन्यांकडून किंवा अन्य संस्थांकडून उशिरा येतो त्यांनी अवश्य घ्यावी. ज्यांचे रुग्ण बहुतेक जागेवरच पैसे देतात त्यांना बिलिंगची टक्केवारी परवडणार नाही. त्यांनी केवळ मासिक हिशेबाचा भाग घ्यावा, तो स्वतंत्रपणे मिळतो आणि रद्द पावत्यांची यादी त्यातही येते. करारावर सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याचे कलम काळजीपूर्वक वाचावे. आमच्या पहिल्या करारात सेवा थांबल्यावर रुग्णांच्या नोंदी आणि खात्यांची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल याचा उल्लेखच नव्हता, तसेच करार संपण्याआधी पाठवलेल्या दाव्यांचा पाठपुरावा कोण करील हेही ठरलेले नव्हते. नव्या करारात पूर्ण माहिती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात देण्याचे आणि प्रलंबित दावे ९० दिवसांपर्यंत सांभाळण्याचे त्यांनी मान्य केले आहे. माहितीची एक प्रत दर महिन्याला आमच्याकडे यावी, ही मागणी अजून त्यांच्या विचाराधीन आहे.